तगरचे कापड कोणी विणले?

वस्तुसंग्रहालय म्हणजे जुन्यापुराण्या वस्तूंची कोठी, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः लहान गावातील वस्तुसंग्रहालय हे त्या गावाने स्वतःविषयी केलेले निवेदन असते. त्या निवेदनात कोणाचा उल्लेख होतो आणि कोण वगळला जातो, हा प्रश्न पुरातत्त्वाइतकाच राजकारणाचाही आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे.

तेरणेच्या काठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. १९०१ मध्ये फ्लीट यांनी ही ओळख पटवून दिली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याच्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात तगर हे पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरचे फार मोठे नगर म्हटले आहे. तेथून साधे कापड व नाना प्रकारची मलमल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जाई, अशी नोंद त्यात आहे. या वैभवाचे अवशेष गावच्या पांढरीत दडून राहिले होते. लामतुरे या गावातल्याच गृहस्थांनी ते वर्षानुवर्षे गोळा केले, म्हणून आज ते पाहावयास मिळतात.

या संग्रहात मण्यांचे नाना प्रकार आहेत, शंखाच्या बांगड्या आहेत, भाजलेल्या मातीची खेळणी आहेत, दुहेरी साच्यातून काढलेल्या केओलिन मातीच्या मूर्ती आहेत. येथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे १९३८ मध्ये इटलीतील पॉम्पेई येथे सापडलेल्या मूर्तीशी असलेले साम्य अभ्यासकांना परिचित आहे. परंतु अशा वस्तूंची ओळख आपण करून देतो ती ‘सातवाहनकालीन’ या एका शब्दाने. राजवंशाचे नाव दिले की इतिहास सांगून झाला, असे आपण मानतो. सातवाहन राजांनी मणी घासले नव्हते, की साचे कोरले नव्हते. समुद्रापासून ३०० किलोमीटरहून दूर असलेल्या गावी शंख आला, तेव्हा कोणी तरी तो समुद्रातून काढला होता, कोणी तरी वाहून आणला होता, आणि कोणी तरी करवतीने कापून त्याची बांगडी केली होती. या साखळीचा पत्ता राजवंशाच्या नावावरून लागत नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने खरा प्रश्न पुढेच आहे. भारताच्या व्यापारापायी रोमचे दरसाल पाच कोटी सेस्टर्स खर्ची पडतात आणि भारतातून आलेला माल मूळ किमतीच्या शंभरपट दराने विकला जातो, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनी याने त्याच शतकात केली. आकड्यात अतिशयोक्ती असेल. परंतु उत्पादक आणि अंतिम ग्राहक यांच्यामधला वरकड कोणाच्या पदरात पडला, हा प्रश्न त्याने नकळत मांडून ठेवला आहे. तगरच्या विणकराला त्यातले काय मिळाले? मराठवाड्याच्या कापूस उत्पादकाला आजही हाच प्रश्न पडतो. दोन हजार वर्षांपूर्वीची एक मातीची चकती या प्रश्नापर्यंत पोचवू शकली, तरच ती जिवंत इतिहास ठरेल.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, राजवंशांशिवाय कालगणना कशी लावणार? उत्तर सरळ आहे : कालगणना ही खुंटी आहे, खुंटी हवीच, पण खुंटी म्हणजे अंगरखा नव्हे. दुसरा असा की, कारागिरांची नावे कोणी लिहून ठेवलेली नाहीत. परंतु साच्याचे सांधे, चाकाच्या रेषा, भट्टीचा रंग हीदेखील एक लिपी आहे, आणि ती वाचणारी माणसे खेड्यापाड्यांत अजून आहेत. ज्या तेरने गोरोबा कुंभारांना ‘काका’ म्हणून संतपदी बसविले, त्या गावी तरी मातीच्या भांड्याचा अर्थ आधी कुंभाराला विचारावा. वस्तूखालच्या पाटीवर काळाबरोबरच ती कशी घडली, कच्चा माल कोठून आला, हेही सोप्या मराठीत लिहावे. याला फार मोठा निधी लागत नाही, दृष्टी लागते.

कार्यकर्त्यांनी एवढ्यावर थांबू नये. आपल्या गावोगावच्या वस्तुसंग्रहालयांत निकटचा भूतकाळ जवळजवळ नसतोच. १९७२ च्या दुष्काळात लाखो स्त्री-पुरुषांनी खडी फोडली. त्या अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा आला आणि २००५ मध्ये देशाने त्याच तत्त्वावर कायदा केला. पण त्या कामावरचा हातोडा, हजेरीपट, मजुरांच्या मोर्चाचे पत्रक किती गावांनी जपले आहे? घरे पाडताना, कपाटे रिकामी करताना हे सारे रद्दीत जात आहे. ज्यांनी ते दिवस पाहिले, ती पिढीही आपल्यातून जात आहे.

लामतुरे यांनी सरकारी आदेशाची वाट पाहिली नाही. प्रत्येक तालुक्यात निदान दोघा-तिघांनी तसे काम अंगावर घ्यावे : वस्तू गोळा करावी, ती वापरणाऱ्याचे निवेदन लिहून घ्यावे, आणि जवळच्या वस्तुसंग्रहालयाकडे तिच्यासाठी जागा मागावी. जागा नाकारली गेली, तर शाळेची एक खोलीही पुरेल. तगरच्या विणकराचे नाव आता कळणार नाही. १९७२ च्या खडीवर बसलेल्या बाईचे नाव मात्र अजून विचारून घेता येईल.