राखेपासून झिओलाइट : कोराडीच्या राखेचा प्रश्न त्याने सुटेल का?

नंदनवनसह पूर्व नागपूरच्या अनेक भागांत कन्हान नदीचं पाणी येतं. जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला आणि राख शेतांत, नदी-नाल्यांत पसरली. मे २०२३ मध्ये याच कोराडीत ६६० मेगावॅटच्या आणखी २ संचांसाठी जनसुनावणी झाली. म्हणजे राखेचा प्रश्न वाढणारच आहे.

राखेपासून मौल्यवान झिओलाइट बनवणं हा त्यावरचा एक उपाय सांगितला जातो. त्यात तथ्य किती?

राखेचं झिओलाइट होतं?

होतं. राखेत मुख्यतः सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइड असतात. झिओलाइटही त्यांचाच, फक्त बारीक छिद्रांची नीट रचलेली जाळी. नागपूरच्याच 'नीरी'ने राखेवर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून 'झिओलाइट-ए' बनवून दाखवलं आहे.

मग ते रिफायनरीत का चालत नाही?

तिथे आम्ल लागतं. जाळीत सिलिकॉनच्या जागी अ‍ॅल्युमिनियम बसला की तिथे एक ऋण प्रभार उरतो. तो हायड्रोजनच्या प्रोटॉनने भरून निघाला, तर ती जागा तीव्र आम्लासारखी वागते. जड तेलाचे मोठे रेणू अशाच जागांवर तुटून पेट्रोल आणि एलपीजी तयार होतो. यासाठी 'झिओलाइट-वाय' वापरतात.

झिओलाइट-ए मध्ये मात्र प्रोटॉनऐवजी सोडियम असतो, म्हणजे आम्ल नाहीच. सोडियम काढून प्रोटॉन घालायला गेलं, तर अ‍ॅल्युमिनियमचं प्रमाण जास्त असल्याने जाळीच ढासळते. शिवाय त्याची छिद्रंही तेलाच्या मोठ्या रेणूंसाठी फार लहान असतात.

मग उपयोग काय?

तोच सोडियम जड पाण्यातल्या कॅल्शियमशी जागा बदलतो आणि पाणी मृदू होतं. म्हणून कपडे धुण्याच्या पावडरीत झिओलाइट-ए घालतात. हा उपयोग चांगला आहे, पण त्याला लागणारी राख मर्यादित. भारतीय कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राख असते. एवढी राख खपवायला सिमेंट, विटा आणि रस्त्यांचे भराव हेच मोठे मार्ग आहेत.

केंद्राच्या डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने १०० टक्के राखेचा वापर बंधनकारक केला आहे. म्हणून झिओलाइटची बातमी वाचताना एवढंच विचारा : किती टन राख, आणि कशासाठी? बंधाऱ्याच्या मजबुतीचा प्रश्न त्यानंतरही उरतोच.