विश्लेषण : विमान कंपन्या एक झाल्या, मग गेट कुणाचे?

चंद्रपूरच्या माणसाला गेट वाटपाचा नियम वेगळा शिकवावा लागत नाही. ताडोब्याच्या सफारीचे बुकिंग मोहर्लीचे असेल, तर कोलाऱ्याच्या गेटवर प्रवेश मिळत नाही. प्रत्येक गेटला वाहनांची संख्या ठरलेली, वेळ ठरलेली. मोठ्या विमानतळावरचा कारभार याच तत्त्वावर चालतो. फरक इतकाच, की तिथे दोन कंपन्या एक झाल्या की गेटचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो. एअर इंडिया आणि विस्तारा यांच्या विलीनीकरणानंतर दिल्ली-मुंबईत हेच झाले. या दोन शहरांतूनच पुढचे विमान पकडणाऱ्या आपल्या भागातल्या प्रवाशांनी हा हिशेब समजून घ्यायला हवा.

नेमके काय घडले?

टाटा समूहाने जानेवारी २०२२ मध्ये सरकारकडून एअर इंडिया ताब्यात घेतली. टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्स यांची भागीदारी असलेली विस्तारा जानेवारी २०१५ पासून उडत होती. दोन्ही एकत्र करण्याची घोषणा नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली. ११ नोव्हेंबर २०२४ हा विस्ताराच्या नावाने उड्डाणे होण्याचा शेवटचा दिवस ठरला. १२ नोव्हेंबरपासून तीच विमाने एअर इंडियाच्या नावाने उडू लागली. विस्ताराचा ‘यूके’ हा संकेत गेला आणि क्रमांकाआधी २ हा अंक लागला. म्हणजे यूके ९५५ चे एआय २९५५ झाले. त्याआधी, १ ऑक्टोबर २०२४ रोजी, पूर्वीची एअर एशिया इंडिया एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये विलीन झाली होती. चार कंपन्यांच्या दोन झाल्या.

गेट मुळात कुणाच्या मालकीचे?

भारतात गेट विमान कंपनीचे नसते, ते विमानतळाचे असते. एसटीच्या फलाटासारखेच. गडचिरोलीची गाडी रोज एकाच फलाटावर लागते, म्हणून तो फलाट गडचिरोली आगाराचा होत नाही. विमानतळाचा नियंत्रण कक्ष कोणते विमान कोणत्या गेटवर लावायचे ते ठरवतो. काउंटरवरचे संगणकही सामायिक असतात. पडद्यावर नाव बदलले की काउंटर दुसऱ्या कंपनीचा.

अमेरिकेत अनेक ठिकाणी कंपन्या गेट वर्षानुवर्षांच्या भाडेकराराने घेतात. तिथे विलीनीकरणात गेट ही मालमत्ताच ठरते. अमेरिकन एअरलाइन्स आणि यूएस एअरवेज २०१३ मध्ये एक झाल्या, तेव्हा सरकार न्यायालयात गेले. तडजोडीत नव्या कंपनीला बोस्टन, शिकागो, डॅलस लव्ह फील्ड, लॉस एंजेलिस आणि मियामी या पाच विमानतळांवर प्रत्येकी दोन गेट सोडावी लागली. वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावरच्या उतरण्या-उडण्याच्या १०४ वेळाही सोडाव्या लागल्या. त्यातल्या बऱ्याच स्वस्त दराच्या कंपन्यांकडे गेल्या.

एकत्रीकरण कसे करतात?

पहिला टप्पा एका छताखाली येण्याचा. विस्तारा आणि एअर इंडिया दोन्ही दिल्लीत टर्मिनल ३ आणि मुंबईत टर्मिनल २ वरून उडत असल्याने हा टप्पा सोपा गेला. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, तेव्हा तसे नव्हते. मुंबईत एकीचा कारभार मुख्यतः सहारला, दुसरीचा सांताक्रूझला. विलीनीकरण कागदावर झाले, पण एअर इंडियाची देशांतर्गत विमाने मुंबईच्या नव्या टर्मिनल २ मध्ये यायला ऑक्टोबर २०१५ उजाडला. आठ वर्षे एकाच कंपनीचे प्रवासी सामान घेऊन एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर धावत राहिले.

दुसरा टप्पा गेट शेजारी-शेजारी आणण्याचा. जोडविमानांची गेट जवळ असली की प्रवाशाची चाल कमी होते, सामान लवकर पोहोचते, तेच कर्मचारी दोन विमाने सांभाळतात. एक विमान उशिरा आले, तर शेजारचे गेट वापरता येते. मात्र कोणतेही विमान कोणत्याही गेटवर मावत नाही. बोइंग ७८७ सारख्या रुंद विमानाला मोठी जागा लागते. एटीआरसारखी लहान विमाने बहुधा दूर उभी राहतात आणि प्रवाशांना बसने न्यावे लागते.

तिसरा टप्पा वेळापत्रकाचा, आणि खरी बचत इथेच आहे. दोन कंपन्या एकाच मार्गावर जवळपास एकाच वेळी विमान सोडत असतील, तर एक झाल्यावर त्या वेळा दिवसभरात पसरता येतात. विमानांची संख्या तीच राहिली, तरी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीतली काही गेट मोकळी होतात.

याचा चंद्रपूर-गडचिरोलीशी काय संबंध?

चंद्रपूरहून नागपूर विमानतळ सुमारे दीडशे किलोमीटर, गडचिरोलीहून त्याहून थोडा जास्त. भामरागड गडचिरोलीहूनही दीडशे किलोमीटरपेक्षा अधिक आत. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला, की रस्ताच बंद. सिरोंच्याच्या माणसाला तर नागपूरपेक्षा हैदराबादची वाट सोयीची. नागपूरला आणि हैदराबादला टर्मिनल एकच, त्यामुळे तिथे चुकण्याचा प्रश्न कमी. गोंधळ होतो तो मुंबईत आणि दिल्लीत.

मुंबईत टर्मिनल १ आणि टर्मिनल २ यांच्यात आतून रस्ता नाही. बाहेर पडायचे, वाहनाने जायचे, पुन्हा सुरक्षा तपासणी करून घ्यायची. नागपूरहून एअर इंडियाने गेलात तर टर्मिनल २ वर उतराल. इंडिगोची विमाने दोन्ही टर्मिनलवर येतात. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झाल्याने ‘मुंबई’ या एका शब्दात आता तीन वेगळी ठिकाणे आहेत.

टाटा रुग्णालयात उपचार घेऊन मुंबईमार्गे परतणारा रुग्ण, परदेशी शिकायला निघालेली मुलगी, ताडोब्याची सकाळची सफारी गाठायची असलेला पर्यटक, या तिघांसाठीही चुकलेले विमान म्हणजे एक दिवस गेला. पर्यटक पोहोचला नाही, तर रिसॉर्टचे, जिप्सीचालकाचे आणि गाइडचे गणितही बिघडते. मुंबईत राहणारा माणूस विमान चुकले तर घरी जाऊन झोपतो. एटापल्लीचा माणूस कुठे जाणार?

मोकळ्या झालेल्या वेळा कुणाला?

आमच्या मते या विषयातला मुख्य प्रश्न हाच आहे. मुंबईत धावपट्ट्या दोन, पण एकमेकींना छेदणाऱ्या. दोन्ही एकाच वेळी मोकळेपणी वापरता येत नाहीत. त्यामुळे गेटपेक्षाही उतरण्या-उडण्याची वेळ, म्हणजे स्लॉट, दुर्मिळ. ‘उडान’ योजनेत जळगाव, नाशिक, कोल्हापूर मुंबईला जोडायची वेळ आली, तेव्हा मुंबईत स्लॉट मिळवणे हीच मोठी अडचण ठरली होती.

चंद्रपूरजवळ मोरव्याला धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी विमान नाही. राजुरा तालुक्यात मूर्ती येथे विमानतळ उभारण्याचा प्रस्ताव वर्षानुवर्षे चर्चेत आहे. समजा तो उभा राहिला. तिथून उडालेल्या विमानाला मुंबईत उतरायला जागा आणि सोयीची वेळ मिळाली नाही, तर त्या धावपट्टीचा उपयोग किती?

स्पर्धा आयोगाने १ सप्टेंबर २०२३ रोजी या विलीनीकरणाला मंजुरी दिली, तीही कंपन्यांनी स्वतःहून दिलेल्या हमींच्या अधीन राहून. ते योग्यच होते. पण गेट आणि स्लॉट ही सार्वजनिक साधने आहेत. मुंबई विमानतळ चालवणारी कंपनी खासगी असली, तरी जमीन विमानतळ प्राधिकरणाची आहे. विलीनीकरणाने गर्दीच्या वेळी काय मोकळे झाले आणि ते कुणाला दिले, हे नागरी उड्डाण मंत्रालयाने जाहीर करावे. त्यातला ठरावीक वाटा लहान शहरांसाठी राखावा. अमेरिकेने मोकळी गेट स्पर्धकांना दिली. आपण निदान जिल्ह्यांना तरी द्यावीत.

विलीनीकरण वाईट नाही. एकच तिकीट, एकच सामान, जवळचे गेट हे प्रवाशाच्या फायद्याचे आहे. पण पर्याय कमी झाले की दुसऱ्या कंपनीकडे जाण्याची धमकीही बोथट होते. म्हणून नियमांची धार वाढवायला हवी. टर्मिनल किंवा वेळ बदलली, तर प्रवाशाला मराठीत, साध्या शब्दांत, घरून निघण्याआधी संदेश मिळणे बंधनकारक व्हावे. दोन तास आधी आलेला संदेश अंधेरीच्या माणसाला पुरतो. भामरागडचा माणूस तोवर कधीच निघालेला असतो.

प्रवाशाने काय पाहावे?

• तिकिटावर कंपनीच्या नावाबरोबर टर्मिनलचा क्रमांक पाहा. मुंबई की नवी मुंबई, हेही पाहा.

• पुढचे विमान असेल, तर शक्यतो दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घ्या. पहिल्या विमानाच्या उशिराने जोडणी चुकली, तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. वेगवेगळ्या तिकिटांना तो आधार नसतो.

• बोर्डिंग पासवरचा गेट क्रमांक अंतिम समजू नका. सुरक्षा तपासणीनंतर पडद्यावर पुन्हा पाहा. गेट साधारणपणे उड्डाणाच्या २० ते २५ मिनिटे आधी बंद होते.

• उड्डाण रद्द होणार असेल, तर कंपनीने किमान दोन आठवडे आधी कळवून पर्यायी विमान किंवा परतावा द्यायचा असतो. बुकिंग करताना स्वतःचाच मोबाइल क्रमांक द्या. एजंटाचा दिला, तर संदेश त्याच्याकडेच जातो.