उन्हाचा हट्ट सोडा, सोनटक्का लावा

हातगाडीवरून कळ्यांसकट गुलाब आणायचा, गॅलरीत ठेवायचा, महिन्याभरात त्याची काडी झाली की ‘आमच्याकडे झाडं जगतच नाहीत’ म्हणून मोकळं व्हायचं, हा परळ-दादर पट्ट्यातला जुना रिवाज आहे. दोष हाताचा नसतो, जागेचा असतो. गुलाब, मोगरा, जास्वंद यांना रोज पाच-सहा तास ऊन लागतं. हिंदमाताच्या आसपास ते आणायचं कुठून? चाळीच्या गॅलरीसमोर दुसऱ्या चाळीची गॅलरी, आणि गिरण्या गेल्यापासून दोघींवर टॉवरची सावली. उड्डाणपुलाला खेटून असलेल्या घरांची तर गोष्टच नको.

आपली आवडही चुकीच्या ऋतूत घडते. भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं महापालिकेचं फुलांचं प्रदर्शन जानेवारी-फेब्रुवारीत भरतं. तिथे पेटुनियाचे ताटवे पाहून आपण घरी येतो आणि तसंच काहीतरी लावायला जातो. सोनटक्का तेव्हा नुसती हिरवी पानं घेऊन उभा असतो. त्याचा बहर श्रावण-भाद्रपदातला, ऐन गौरी-गणपतीच्या तोंडावरचा.

सोनटक्का आल्या-हळदीच्या कुळातला. मूळचा पूर्व हिमालय आणि त्यापलीकडच्या ओलसर रानांतला. झाडांखालची विरळ सावली आणि पायाशी ओल एवढंच त्याचं मागणं. कोकणात विहिरीजवळ, न्हाणीच्या पाण्यावर तो कोणी न विचारता वाढतो. गॅलरीत सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन किंवा दिवसभर नुसता लख्ख उजेड मिळाला तरी त्याचं भागतं. मात्र वाचायला दिवा लावावा लागतो अशा कोपऱ्यात तो ठेवू नका. तिथे पानं येतील, फूल येणार नाही. तो कोपरा स्नेक प्लांटला द्या.

गड्डे लावायची वेळ मे महिन्याची अखेर. कुंडी खोलीपेक्षा रुंदीला मोठी हवी, चौदा इंची असली तर उत्तम, कारण गड्डा आडवा पसरतो. लाल माती, तेवढंच शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडं कोकोपीट घ्या. जुन्या लाकडी गॅलरीवर भार नको, म्हणून कोकोपीट जरा जास्त चालेल. गड्ड्याचा डोळा वर ठेवून तो दोन बोटं खोल पुरा. आल्याइतकाच, फार खोल नाही. माती कधी खडखडीत वाळू द्यायची नाही, तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी खुशाल घाला. पण कुंडीखालच्या थाळीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो. थाळी आठवड्यातून एकदा तरी रिकामी करून घासायची.

फुलं संध्याकाळी उमलतात आणि वास अंधार पडता पडता वाढतो, कारण त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे रात्री फिरणारे पतंग. एक फूल जेमतेम दिवसभर टिकतं, पण एका कणसात रोज नवी उमलत राहतात. एका दांड्याला एकदाच बहर येतो. तो संपला की दांडा मातीलगत कापून टाका, नाहीतर नव्या कोंबांना जागा उरत नाही. थंडीत पाणी कमी करा. एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपल्या तर कुंडी समोरच्या काचेच्या इमारतीवरून येणाऱ्या झळीपासून आत सरकवा. दोन-तीन वर्षांनी कुंडी गच्च भरली की गड्डे सोडवा आणि शेजारी वाटा. हे झाड विकत घेण्यापेक्षा मागून आणायचं.

हे झाड चिवट आहे, आणि त्या चिवटपणाची दुसरी बाजूही आहे. क्यूबाने या परक्या पाहुण्याला राष्ट्रीय फुलाचा मान दिला. पण हवाई आणि ब्राझीलमध्ये ओढ्याकाठी तो इतका माजला की स्थानिक झाडं मागे रेटली गेली. म्हणून उरलेले गड्डे ट्रेकला जाताना सह्याद्रीच्या ओढ्यात फेकू नका. कुंडीत किंवा कुंपणाच्या आत तो शहाण्यासारखा वागतो.

कुंपणावरून मुद्दा सोसायटीकडे येतो. पुनर्विकासाच्या नकाशात इमारतीची उत्तरेची बाजू वर्षातला बराच काळ सावलीत जाते. तिथे ‘काही उगवत नाही’ म्हणून पेव्हर ब्लॉक बसवले जातात, आणि पावसाचा थेंब जमिनीत न मुरता थेट गटारात जातो. हिंदमाता हा बशीसारखा खोलगट भाग. इथं तुंबणारं पावसाचं पाणी हटवायला महापालिकेला प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधाव्या लागल्या. सोनटक्क्याच्या वाफ्याने हिंदमाताचं पाणी ओसरेल असा भाबडा दावा मी करणार नाही. त्याला पंप आणि टाक्याच लागतात. पण भिंतीलगत हातभर रुंदीची उघडी माती ठेवली तर आपल्या अंगणात पडलेलं थोडं पाणी तरी आपल्याच जमिनीत जाईल, आणि त्या ओल्या सावलीत काय लावायचं याचं उत्तर तयार आहे. साचलेलं गटाराचं पाणी त्या वाफ्यात शिरलं तर मात्र लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. हातमोजे आणि गमबूट घातल्याशिवाय मातीत हात घालायचा नाही.

सोसायटीच्या पुढच्या सभेत पार्किंगवर भांडून झालं की दहा मिनिटं या हातभर मातीवर बोला. बिल्डरचे नकाशे पक्के होण्याआधी बोललात तर ती फुकट मिळते. नंतर पेव्हर ब्लॉक उखडायचा खर्च सभासदांच्याच माथी येतो.