डोक्यावरची थाळी

'किन्निकुमान' या जपानी चित्रकथेत भारताचा एक पैलवान आहे. त्याचं नाव करी कुक. डोक्यावर करी-भाताची थाळी, आणि ती लढतानाही उतरत नाही. १९७९ साली चित्रकथा सुरू झाली, १९८३ साली तिचा ॲनिमे आला. त्यातला इंग्रज मल्ल चिलखत घालून उतरतो. चिनी मल्लाचं नावच रामेनमॅन; रामेन म्हणजे शेवया. तेव्हा आपल्यावरच डाव धरला होता असं नाही. ज्या देशाचं जे आधी आठवलं, ते त्याच्या अंगावर चढवलं.

तरी थाळी खुपते. १९५२ साली हेलसिंकीत बँटमवेट फ्रीस्टाइलचं सुवर्ण शोहाची इशीनं घेतलं. जपानचं कुस्तीतलं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. त्याच गटात कांस्य होतं खाशाबा जाधवांचं. म्हणजे भारतीय मल्ल कसा असतो, हे जपाननं अंगाला अंग भिडवून पाहिलं होतं. सत्तावीस वर्षांनी आठवली ती करी.

कोल्हापूरच्या शाहूपुरी तालमीचं नाव घेतलं की पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे आठवतात. खरा मल्ल काय खातो ते बघायला अशा कुठल्याही जुन्या तालमीत पहाटे डोकावा. मेहनत संपली की बदाम घोटायला बसतात. थंडाई, दूध, तूप. खुराक बहुतेक पांढरा. मटण असतं, पण तिखट-तेलकटाला वस्ताद हात लावू देत नाही. करी कुकच्या डोक्यावर जे आहे, तेच खऱ्या पैलवानाच्या ताटात वर्ज्य.

जपान्यांना हे कुणी सांगितलं नसेल. आपलं काय? कोल्हापूर सोडून कुठल्याही शहरात 'कोल्हापुरी' पाटी बघा. फेटा, पिळदार मिशा, शेजारी तांबड्या रश्श्याची वाटी. 'व्हेज कोल्हापुरी' नावाची लालभडक भाजी महाराष्ट्रभर मिळते. ती शाहूपुरीतल्या कुठल्या घरात शिजते ते विचारा. आणि २०१६ साली एका टीव्ही मालिकेत आपण स्वतः कोल्हापूरचा पैलवान उभा केला, तो कसा? मनानं सोनं, शरीरानं पहाड, अक्षराशी वैर. त्याला शहाणं करायला शिक्षिका आणावी लागली. राणादा नावाचा हा पैलवान घराघरांत लाडका झाला. कोल्हापुरानंही त्याला डोक्यावर घेतलं. कुणाला फारसं खुपलं नाही.

खाशाबा मात्र राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पैलवान आणि प्राचार्य, दोघे एकाच कॉलेजातले. ते कॉलेज याच कोल्हापुरातलं.