सुईच्या आधी फणी

आषाढ लागला की मुळशीतल्या कोळवण खोऱ्यातली कुत्री अंग खाजवायला लागतात, आणि त्यांच्यासाठी दोन उपचार जणू ठरून गेलेले असतात. कुत्रं गावातलं, भाकरतुकड्यावर वाढलेलं असेल, तर त्याला लूत लागली म्हणायचं आणि अंगभर मोटारीचं जळकं ऑइल चोपडायचं. कुत्रं शनिवार-रविवारच्या बंगल्यातलं लॅब्रॅडोर असेल, तर त्याला अॅलर्जी आहे म्हणायचं आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं. म्हणजे उपचार कातडीकडे पाहून ठरत नाही, दारात उभ्या असलेल्या गाडीकडे पाहून ठरतो. ऑइल वाईट आहे हे सुशिक्षित वाचकाला पटवावं लागत नाही. कुत्रं ते चाटतं आणि विष पोटात जातं, एवढं पुरे. इंजेक्शनबद्दल मात्र बोलायला हवं, कारण ते शास्त्राच्या नावानं दिलं जातं आणि त्यानं गुणही येतो. माझं म्हणणं असं की अॅलर्जी हे निदान सगळ्यात शेवटी यायला हवं. त्याआधी पिसवा, खरजेचे किडे आणि कातडीतला जंतुसंसर्ग ही तीन कारणं या क्रमानं बाजूला करावीत. निदान मुळशीसारख्या ओल्या मुलखात तरी हा क्रम पाळणं हाच अर्धा उपचार आहे.

इंजेक्शननं गुण येतो, हीच त्याची अडचण आहे. स्टेरॉइड शरीराची दाह करण्याची शक्तीच दाबून टाकतं. त्यामुळे खाज पिसवेमुळे असो, परागामुळे असो की खाण्यातल्या एखाद्या पदार्थामुळे, ती बहुतेक वेळा कमी होते. म्हणूनच खाज कमी झाली यावरून ती कशामुळे होती हे कळत नाही. मालक निर्धास्त होतो, डॉक्टरांवरचा विश्वास वाढतो आणि दीड-दोन महिन्यांनी कुत्रं पुन्हा त्याच तक्रारीसाठी येतं. खेड्यापाड्यात बऱ्याचदा दिलं जातं ते दीर्घकाळ परिणाम करणारं इंजेक्शन. गोळी बाधली तर कमी करता येते. स्नायूत गेलेलं औषध परत काढता येत नाही, ते आपल्या गतीनं आठवडेच्या आठवडे झिरपत राहतं. अशी चार-सहा इंजेक्शनं झाली की कुत्रं भांडंभर पाणी पितं, रात्री घरात लघवी करतं, सारखं खायला मागतं, पोट लोंबतं, कातडी पातळ होते. मालकाला वाटतं, वय झालं. आणि कातडीत डेमोडेक्स हा किडा आधीपासून असेल, तर प्रतिकारशक्ती दबताच तो माजतो. मग मूठभर जागेवरचं दुखणं अंगभर पसरतं.

आता पिसवांचं. कुत्र्यांच्या अॅलर्जीत पिसवेच्या लाळेची अॅलर्जी अगदी नेहमीची आहे. तरी ती हटकून सुटते, कारण बघणाऱ्याला अंगावर पिसू दिसत नाही. ज्याला या लाळेचं वावडं आहे त्या कुत्र्याला एखाद-दोन चावेही पुरतात, आणि असं कुत्रं स्वतःला चावून-चाटून पिसवा गिळून टाकतं. शोधायची ती पिसू नव्हे, तिची विष्ठा. बारीक दातांच्या फणीनं शेपटीच्या बुडाशी विंचरावं आणि निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावी. तिच्याभोवती तांबूस डाग पसरला तर ते पचलेलं रक्त, म्हणजे पिसवेचाच पुरावा. खाजेची जागाही बोलते. पाठीचा मागचा भाग, शेपटीचं बूड आणि मांड्या खाजत असतील तर संशय पिसवेवर घ्यावा. पंजे, काखा, पोट, कान आणि तोंडाभोवतीचा भाग खाजत असेल तर हवेतल्या अॅलर्जीचा विचार करावा. शेपटीखाली भाताच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे चिकटलेले दिसले तर तेही पिसवांकडेच बोट दाखवतात. ते पट्टकृमीचे तुकडे असतात आणि हा जंत पिसू गिळल्यानं होतो.

या खोऱ्यात पिसवा का वाढतात हे समजून घेतलं तर औषध कुठे कमी पडतं तेही कळतं. अंगावर दिसणाऱ्या प्रौढ पिसवा एकूण संख्येच्या साधारण 5 टक्केच असतात. उरलेला संसार अंडी, अळ्या आणि कोषांच्या रूपात कुत्र्याच्या बसायच्या जागेत असतो. मादी दिवसाला 40-50 पर्यंत अंडी घालते. ती केसांवरून घरंगळून पेंढ्यात, सतरंजीत, व्हरांड्यातल्या फरशीच्या फटीत पडतात. अळीला उजेड सोसत नाही आणि कोरडी हवाही सोसत नाही. मुळशीच्या पावसाळ्यात तिला दोन्हींपासून सुटका मिळते. कोषातली पिसू तर महिनोन्महिने गप्प बसू शकते आणि जमिनीला हादरा बसला, जवळ ऊब आली किंवा श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर येते. वीकेंडचा बंगला हे तिच्यासाठी आदर्श घर आहे. सोमवार ते शुक्रवार दारं बंद, शनिवारी दुपारी माणसं आणि कुत्रं एकदम आत. ‘पुण्यात बरा असतो, इथे आला की खाजवतो, म्हणजे इथल्या गवताची अॅलर्जी’ हे अनुमान याच घरांत निघतं. गवत बिचारं फुकट बदनाम होतं. गाजरगवताबद्दल माणसांना त्रास होतो म्हणून संशय येणं समजू शकतं, पण कागदावरचा तांबूस डाग बघितल्याशिवाय त्याच्यावर आळ घेऊ नये. शिवाय पिसू एकट्या लॅब्रॅडोरची नसते. राखणदाराचं कुत्रं, मांजर, शेजारच्या गोठ्यातल्या शेळ्या असा तिचा मोठा गोतावळा असतो. एका कुत्र्याला महागडी गोळी दिली आणि बाकीच्यांना काहीच नाही, तर पैसे वाया जातात. अंगणातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना त्यांना चालणारं औषध एकाच वेळी, निदान तीन महिने सलग द्यायचं, अंथरुणं गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकायची, फटी झाडून काढायच्या. ही खटपट सुईपेक्षा कंटाळवाणी आहे, मान्य.

दुसरं कारण खरूज. कानाच्या कडा, कोपरं आणि घोटे खाजत असतील, आणि घरातल्या माणसांच्याही हातापोटावर पुरळ उठलं असेल, तर सार्कोप्टिस या खरजेच्या किड्याचा संशय पक्का. पात्यानं कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची तपासणी शिरवळच्या किंवा परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला शिकवलेली असते. त्यात डेमोडेक्स बहुधा सापडतो. सार्कोप्टिस अनेकदा सापडत नाही, म्हणून संशय दाट असेल तर तपासणी कोरी आली तरी उपचार करून पाहतात. अफॉक्सोलॅनर, फ्लुरालॅनर अशा अलीकडच्या गोळ्यांचा इथे मोठा उपयोग आहे, कारण त्या पिसू, गोचीड आणि खरजेचे किडे या तिन्हींवर चालतात. फिट येणाऱ्या कुत्र्याला त्या जपून द्याव्यात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2018 मध्ये दिला आहे. आपल्याकडे पैसे वाचवायला गोठ्यातली आयव्हरमेक्टिनची बाटली काढली जाते. ते इंजेक्शन 50 किलो वजनाला एक मिली या हिशेबानं जनावरांसाठी बनवलेलं आहे. दहा किलोच्या कुत्र्यासाठी ते अंदाजानं ओढलं तर चूक दोन-चार पटींची होते, आणि कोली जातीच्या कुत्र्यांना तर नेहमीची मात्राही जिवावर बेतू शकते. जुन्या माणसांचं गंधक आणि खोबरेल मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. खरजेवर गंधक खरोखर चालतं, फक्त ते चाटू देऊ नये. पण तेवढ्यानं घरातली पिसवांची वसाहत उठत नाही.

तिसरं कारण ओलीतून होणारा जंतुसंसर्ग. सतत भिजणाऱ्या, खाजवून सोललेल्या कातडीवर जिवाणू आणि मॅलॅसेझिया नावाची बुरशी बसते. अंगाला आंबूस वास येतो, पंजे तपकिरी होतात, कातडी जाड पडते. हा संसर्ग बहुधा मूळ कारण नसतो, पण खाजेचा मोठा वाटा त्याचाच असतो. क्लोरहेक्सिडीनचा शाम्पू दहा मिनिटं अंगावर ठेवून धुतला तर पुष्कळ कुत्र्यांची निम्मी तक्रार जाते. माणसांचा सुगंधी साबण इथे कामाचा नाही.

एवढं करूनही कुत्रं बारा महिने खाजवत असेल तर खाण्याकडे वळावं. इथे ‘चिकन उष्ण पडलं’ हे वाक्य तयारच असतं. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात खाद्य-अॅलर्जी असलेल्या 297 कुत्र्यांच्या नोंदी एकत्र केल्या होत्या. त्यात गोमांस 34 टक्के, दुधाचे पदार्थ 17, चिकन 15 आणि गहू 13 टक्के अशी कारणं निघाली. म्हणजे चिकनवर आळ घेणारा मालक जी ताक-पोळी बिनधोक समजतो, तीही यादीत आहे. यावर रक्ताच्या किंवा केसांच्या तपासण्या विकल्या जातात, पण त्या भरवशाच्या नाहीत. खरी परीक्षा एकच आहे. आजवर न खाल्लेलं प्रथिन घेऊन आठ आठवडे फक्त तेवढंच खाऊ घालायचं आणि मग जुनं अन्न देऊन खाज परत येते का ते बघायचं. कोळवणमध्ये हे पुण्याच्या फ्लॅटपेक्षा अवघड आहे. मोकळं फिरणारं कुत्रं चार घरचं खातं आणि राखणदाराची मुलं प्रेमानं बिस्कीट देतात. मालकानं हे मनाशी कबूल करावं आणि आठ आठवडे कुत्रं बांधून सांभाळणं जमणार नसेल तर या परीक्षेत पडू नये. अर्धवट परीक्षेचा निकाल चुकीचाच लागतो.

यातून जी कुत्री उरतात त्यांना खरीच अॅलर्जी असते, बहुधा घरातल्या धुळीतल्या किड्यांची किंवा परागांची. ती साधारण सहा महिने ते तीन वर्षांच्या वयात सुरू होते आणि जन्माची सोबत करते. त्यांच्यासाठी आज चांगली औषधं आहेत. ऑक्लासिटिनिब या गोळीला अमेरिकेत 2013 मध्ये मान्यता मिळाली. पाठोपाठ आलेलं लोकिवेटमॅब हे इंजेक्शन इंटरल्यूकिन-31 हा खाजेचा निरोप नेणारा रेणूच पकडून ठेवतं. यावर एक आक्षेप हमखास येतो. इतकी चांगली औषधं असताना शोधाशोध कशाला, सरळ गोळी सुरू करावी. पण ही गोळी पिसू मारत नाही, खरूज बरी करत नाही. गंभीर संसर्ग असताना आणि एक वर्षाखालच्या पिल्लाला ती देऊ नये, असं तिच्या माहितीपत्रातच लिहिलेलं असतं. खरूज झालेलं कुत्रं गोळीमुळे खाजवायचं कमी झालं आणि तसंच मुलांच्या अंथरुणात झोपत राहिलं, तर आजार घरभर फिरतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्याचा वेळ गाई-म्हशींत जातो, आणि तो तिथेच जायला हवा. मालक रविवारी संध्याकाळी पुण्याला निघणार असतो. कुत्रं रक्त येईस्तोवर खाजवतंय आणि आठवड्याआठवड्यानं एकेक कारण वगळायला कुणालाच सवड नाही. अशा वेळी डॉक्टरनं तत्काळ आराम दिला तर त्यात चूक काय? काहीच नाही. तडफडणाऱ्या जनावराला आधी आराम द्यायलाच हवा. त्यासाठी प्रेडनिसोलोनची गोळी थोडे दिवस, उतरत्या मात्रेत दिली तर ती स्वस्तही आहे आणि गुणकारीही. फणी फिरवायला दोन मिनिटं लागतात, पिसवांचं औषध त्याच दिवशी सुरू करता येतं. क्रम पाळायचा म्हणजे कुत्र्याला वाट बघायला लावायचं, असा अर्थ होत नाही. दीर्घ परिणामाचं इंजेक्शन दर पावसाळ्यात दोन-तीनदा घेणारा मालक पैसे वाचवतो हाही भ्रम आहे, त्याचा खर्च नंतरच्या रक्ततपासण्यांत आणि यकृताच्या औषधांत निघतो.

इतकं करूनही सुई दिलीच, तर तिचं नाव, मात्रा आणि तारीख कागदावर लिहून मालकाच्या हाती द्यावी, आणि मालकानं ती मागून घ्यावी. या खोऱ्यातल्या कुत्र्यांचे डॉक्टर दोन असतात, एक गावातला आणि एक पुण्यातला, आणि त्यांची कधी गाठ पडत नाही. शनिवारी इथे स्टेरॉइड टोचलेलं कुत्रं बुधवारी लंगडतं म्हणून पुण्यात नेलं आणि तिथल्या डॉक्टरनं, त्याला काहीच ठाऊक नसल्यानं, वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम दिलं, तर दोन्ही औषधं मिळून जठराला जखम करू शकतात आणि कुत्र्याला काळी, डांबरासारखी शी होऊ लागते.