माग आपला, कागद दुसऱ्याचा

कागदपत्रं म्हटली की आपल्या घरांत अजूनही धास्ती वाटते. आजोबांचा जन्मदाखला सापडत नाही, आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं. त्यामुळे कागदापासून लांब राहायची सवयच लागली आहे. व्यापारात ही सवय फार महागात पडते.

मालेगाव-भिवंडीचे यंत्रमाग बघा. तिथे राबणारे कितीतरी हात आपलेच. पण बरंचसं ग्रे कापड व्यापारी उचलतो, प्रक्रिया दुसरीकडे होते आणि परदेशी पाठवताना निर्यातदार म्हणून नाव लागतं तिसऱ्याचंच. त्याच्याकडे माग नसला तरी चालतं, कागद करायची अक्कल असते.

ही अक्कल शिकता येते. पॅनवर आधारलेला आयात-निर्यात कोड ऑनलाइन मिळतो, शुल्क 500 रुपये. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती अपडेट करावी लागते, नाहीतर तो बंद होतो. पुढे इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग. मालाचं वर्णन, वजन, खोक्यांची संख्या या सगळ्यांत जुळलीच पाहिजे. लेटर ऑफ क्रेडिटवर सौदा असेल तर बँक माल उघडून बघत नाही, फक्त कागद तपासते. कापड कितीही चांगलं असो, कागदात तफावत निघाली की पैसे अडकतात.

दुबईचंच घ्या. भारत-यूएई व्यापार करार 1 मे 2022 पासून लागू आहे. कापडासह अनेक भारतीय वस्तूंना तिथे आयात शुल्कात सवलत आहे. पण त्यासाठी माल भारतात बनल्याचं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन लागतं. ते नसेल तर नेहमीचं 5 टक्के शुल्क, म्हणजे 10 लाखांच्या मालावर 50 हजार. ग्राहक ते आपल्याच भावातून कापणार.

‘त्यासाठी एजंट आहे ना?’ असं कुणी म्हणेल. एजंट जरूर घ्या. पण निर्यातदार म्हणून नाव आपलं, तेव्हा किंमत किंवा वर्णन खोटं निघालं तर जाबही आपल्यालाच विचारला जाणार. न वाचता सही करणं परवडणारं नाही.

माल आपल्याकडे आहे. आखातात मामा-चाचाही आहेत. मधला दुवा तेवढा तुटलेला आहे. बी.कॉम. करून नोकरीची वाट बघणाऱ्या मुलामुलींनी हे काम शिकावं आणि मोहल्ल्यातल्या चार कारखानदारांचे कागद हाती घ्यावेत. सुरुवातीला एवढंही पुरे.