दवाखान्याचे अंतर आणि बिलाचा आकडा

आजाराचा खर्च घरातून निघतानाच सुरू होतो. गाडीभाडे, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, शहरातला जेवणखर्च आणि ‘उद्या या’ म्हटले की आणखी एक हेलपाटा. केसपेपर फुकट असला तरी चाळीस किलोमीटरवरचे रुग्णालय शेतमजुराला महागच पडते. म्हणून आरोग्यसेवा परवडायची असेल तर ती आधी घराजवळ हवी.

महाराष्ट्राने याचा धडा फार पूर्वीच गिरवला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली नगर जिल्ह्यातल्या जामखेडला काम सुरू केले आणि गावागावांतल्या, अनेकदा निरक्षर असलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. हगवण लागलेल्या मुलाला मीठ-साखर-पाणी पाजणे, गरोदर बाईवर लक्ष ठेवणे, लसीसाठी मुले गोळा करणे या कामांना पदवी लागत नाही. गावाचा विश्वास लागतो, आणि तो त्या बायकांकडे होता.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने याच विचाराची कसून परीक्षा घेतली. नवजात बाळ आजारी पडले की त्याला रुग्णालयात हलवणे अनेक घरांना शक्य नव्हते. पैसा नाही, वाहन नाही आणि ओल्या बाळंतिणीला घराबाहेर काढायची तयारीही नाही. तेव्हा उपचारच घरी नेले गेले. थोडेफार शिकलेल्या गावातल्या बायका बाळाचे वजन करू लागल्या, श्वास मोजू लागल्या, त्याला ऊब कशी द्यायची हे आईला दाखवू लागल्या आणि जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देऊ लागल्या. 39 गावांतल्या या कामाच्या तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचा मृत्युदर शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे 62 टक्क्यांनी खाली आला. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले. पुढे देशभरातल्या ‘आशा’ ताईंच्या कामात बाळंतिणीच्या घरी 42 दिवसांपर्यंत ठरावीक भेटी देणे समाविष्ट झाले. याच ‘आशा’ ताईंना मात्र सरकार अजून स्वयंसेविका समजते आणि कामागणिक मोबदला देते. गरिबाची सेवा दुसऱ्या गरिबाच्या कष्टावर स्वस्त करणे अन्यायाचे आहे.

घराजवळ जे होत नाही, त्याचे पैसे कोणी आणि केव्हा भरायचे, हा पुढचा प्रश्न. ऐपत नाही म्हणून कोणी उपचाराविना राहू नये, ही भूमिका देशातल्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने 1946 सालीच घेतली होती. माणूस खाटेवर पडला असताना नातेवाइकांकडे पैसे मागितले की घासाघीस करायला त्यांना वाव उरत नाही. जमीन गहाण पडते, दागिने मोडले जातात. करातून किंवा विम्यातून पैसा आधीच उभा राहिला तर ही वेळ टळते. राज्य सरकारची महात्मा फुले जनआरोग्य योजना याच मार्गाची. पण तिचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. मधुमेहाची, रक्तदाबाची गोळी रोज लागते. ती सरकारी दवाखान्यात नसेल आणि ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी हातात पडली, तर रुग्ण गोळ्या मध्येच सोडतो आणि पुढे पक्षाघाताने किंवा हृदयविकाराने मोठ्या रुग्णालयात पोहोचतो. तामिळनाडूने 1990 च्या दशकात स्वतंत्र महामंडळ काढून जेनेरिक औषधांची एकत्रित खरेदी आणि जिल्हावार कोठारे उभी केली, ती हीच अडचण ओळखून.

काही किमतींना सरकारनेच लगाम घालावा लागतो. 2017 च्या फेब्रुवारीत हृदयात बसवायच्या औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत सुमारे 29,600 रुपये ठरवली गेली; त्याआधी याच वस्तूसाठी रुग्णाला लाखाच्या वर मोजावे लागत. टेबलावर झोपलेला माणूस चार दुकाने फिरून भाव विचारू शकत नाही, म्हणून ही बाजारपेठ भाजीच्या मंडईसारखी चालत नाही.

हक्क कागदावर असून उपयोग नाही. तो रुग्णाला माहीत हवा. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2006 पासून लागू झालेल्या योजनेनुसार राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. अशा रुग्णाला तातडीच्या अवस्थेत दाखल करताना डिपॉझिट मागता येत नाही. अनेक कुटुंबांना हे कळते तोवर डिपॉझिट भरून झालेले असते. ओळखीतले कोणी अशा रुग्णालयात दाखल होणार असेल, तर रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत द्या, पैसे भरण्याआधी तिथल्या समाजसेवकाला गाठा आणि नकार मिळाला तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार करा.